फुकटचा तास

तुझा फोटो फ्लेक्सवर लावलाय, दादा. क्लासच्या जिन्याशी, खालच्या औषधवाल्याच्या शटरशेजारी, इलाइट चौराह्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. फोटो कुठला निवडलाय माहितेय? माझ्या लग्नातला. कापताना फेट्याचा तुरा तसाच राहिलाय, त्यामुळे तुझ्या कानातून काहीतरी गुलाबी उगवलंय असं वाटतं. आणि खाली भल्यामोठ्या अक्षरांत, ‘नारी शक्ति के सच्चे सेवक, जिन्होंने किसी बेटी से कभी एक पैसा नहीं लिया.’ मी रस्त्यात उभी राहून ते वाचलं. आधी हसू आलं, मग इतका संताप आला की तो फ्लेक्स टराटरा फाडावासा वाटला. संताप कुणाचा म्हणशील तर तुझा.

तू गेल्यापासून हे एकच वाक्य मी ऐकतेय. समाचाराला येणारा प्रत्येक जण चपला काढायच्या आत तेच म्हणतो. ‘मास्साब ने लड़कियों से कभी फीस नहीं ली.’ ‘ऐसो आदमी अब कहाँ मिलहै.’ आणि मग माझ्याकडे बघतात. कारण मुलग्यांची फी मी घ्यायचे ना. तू देवता, आणि मी फीसवाली दीदी. हॉलचं भाडं, गाद्यांची शिलाई, विजेचं बिल, हे सगळं आकाशातून पडत होतं बहुतेक. मी चहाचा ट्रे घेऊन उभी आणि मनात म्हणतेय, अहो काकू, साखर घ्या आणि गप्प बसा.

आणि तुझं ते दुखणं! गावातल्या अर्ध्या पोरांना तू पडायला शिकवलंस. ज्युदोत आधी पडायचं, पाडायचं नंतर, हे म्हणून म्हणून तुझा घसा बसला. हनुवटी छातीला, हात गादीवर आपट, डोकं वाचव. आया विचारायच्या, ‘मास्साब, महीना हो गया, बिन्नू गिर ही रही है, पटकेगी कब?’ आणि तू म्हणायचास, ‘बहनजी, जिसे गिरना आ गया उसे फिर कोई डर नहीं.’ वा! आणि स्वतःच्या छातीत कळ येत होती तर वहिनीला काय सांगितलंस? ॲसिडिटी आहे. थंड दूध दे. डॉक्टरकडे का नाही गेलास, तर सुट्टी घेतली असती तर मुलांचा तास बुडला असता. अरे, मेलास की रे त्या तासापायी. आता बुडलेच ना सगळे तास?

मी असं बोलतेय म्हणून वहिनी कानावर हात ठेवते. गेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणे. मी म्हटलं, वहिनी, मी त्याला जिवंतपणी याहून वाईट बोललेय, त्याला सवय आहे.

आपलं भांडण अर्धवट राहिलं, दादा. मला खरा राग त्याचा आहे. तू भांडण संपवल्याशिवाय उठून गेलास, आणि लोक समजतात की तू जिंकलास.

सुरुवात कुठून झाली ते तुला माहीत होतं, पण तू ती नेहमी तुझ्या बाजूने सांगायचास. आज माझ्या बाजूने ऐक. रेल्वे कॉलनीतलं आपलं क्वार्टर. अप्पा फिटर, भुसावळहून बदली होऊन झाशीला आलेले, आणि पगाराच्या दिवशी आईशी एका कागदावर डोकं घालून बसलेले. पांडे सरांचा ज्युदोचा क्लास निघाला तेव्हा अप्पांनी तुझी फी भरली. मुलगा आहे, अंगात ताकद आली पाहिजे. मी तुझी पिशवी घेऊन मागून यायचे. दाराशी बसून बघायचे. एक दिवस पांडे सर म्हणाले, ‘आ जा बिटिया, तू भी आ जा. तुझसे क्या लेना.’ केवढी खूश झाले मी. धावत घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, फुकट ना? मग जा.

ते ‘मग जा’ मला फार महागात पडलं. कारण फुकट होतं म्हणून जा, तसंच फुकट होतं म्हणून राहू दे. पाहुणे आले, राहू दे आज. पापड घालायचेत, राहू दे. गौरी यायच्यात, आठवडाभर राहू दे. तुला एकदा सणसणून ताप होता, आठवतंय? अप्पांनी तुला क्रोसिन देऊन सायकलवर बसवलं आणि क्लासला सोडून आले. ‘फी भरलीये महिन्याची, घरी बसून काय करणार.’ मी ठणठणीत होते. मी घरी कैऱ्या चिरत होते. क्लासमधली पोरं मला काय म्हणायची तेही तुला माहितेय. मुफ़्तवाली. ‘आज मुफ़्तवाली आई है.’ तू एकाला त्यापायी धोपटलं होतंस आणि पांडे सरांनी तुला महिनाभर गाद्या झाडायला लावल्या होत्या. त्या दिवशी मला वाटलं होतं, माझ्या भावासारखा भाऊ कुणाचा नाही. अजूनही वाटतं, म्हणून तर इतका राग येतो.

पुढे तू क्लास काढलास. औषधवाल्याच्या वरचा तो हॉल, पंखे घरघरणारे, खिडकीतून चौराह्याचे हॉर्न. मी शाळेत पीटी शिकवून संध्याकाळी यायचे. आपला क्लास! मी मानिक चौकातून गाद्यांवर घालायला जाड ताडपत्रीचं तिरपाल आणलं, घासाघीस करून. ड्रेसचं कापड आणलं. पट्ट्यांचे पैसे घ्यायचे नाहीत हे आपण दोघांनी मिळून ठरवलं, कारण सिविल लाइंसमध्ये एक जण वर्षात काळा पट्टा देण्याची गॅरंटी देत होता आणि दर परीक्षेला पालकांना धुऊन काढत होता. तू म्हणालास, पट्टा कमवायचा, विकत घ्यायचा नाही. मी म्हटलं, शंभर टक्के. गाद्या सगळ्यांनी आळीपाळीने झाडायच्या, म्हणजे कुणी फीच्या बदल्यात झाडतंय असं दिसायला नको. तेही दोघांनी ठरवलं. इतकं सगळं दोघांनी मिळून ठरवलं, आणि उद्घाटनाच्या दिवशी, पेढे वाटून झाल्यावर, तू माईक हातात घेऊन जाहीर केलंस, ‘बेटियों के लिए हमेशा निःशुल्क.’

टाळ्या! मी तुझ्याकडे बघतच राहिले. मला विचारलंस? क्लासमध्ये मुलींना शिकवणार कोण होतं? मी. आणि मला माईकवरून कळतंय.

पहिले काही दिवस हॉल मुलींनी भरला. तू माझ्याकडे बघून भुवया उडवायचास, बघ म्हणून. मी म्हणाले, थांब जरा, लग्नसराई येऊ दे. आली लग्नसराई. मुली गायब. मुलगे हजर. मग परीक्षा आल्या. मुली गायब. मुलगे, ज्यांच्या परीक्षा त्याच शाळेत त्याच दिवशी होत्या, ते हजर. एकदा मी एका आईला फोन केला, काए दीदी, पाखी नहीं आई? तर ती अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘आज तनिक काम थो, दीदी. वैसे भी कोई फीस थोड़े ही लगती है.’ तिला वाटलं ती मला बरं वाटेल असं बोलतेय. आमच्यामुळे तुमचं काही नुकसान नाही, असं. आणि तिचा मुलगा त्याच वेळी माझ्यासमोर गादीवर कोलांट्या मारत होता.

घरातला सगळ्यात स्वस्त तास कुठला, तर पोरीचा. आणि तो आपण आपल्या हाताने स्वस्त करून ठेवला होता. हे मी तुला किती वेळा सांगितलं? तू हसायचास. म्हणायचास, नीलू, तू फार कडू झालीयेस.

शिवानीची गोष्ट तरी आठव. तुझी लाडकी. काय सुंदर पडायची ती! खांद्यावरून फेकावं आणि तिने मांजरीसारखं उठून पुन्हा समोर उभं राहावं. स्पर्धेला तिला कानपूरला न्यायचं होतं. तिकिटं काढली होती. निघायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी तिचा बाप जिन्यात उभा राहून म्हणाला, ‘मास्साब, बिटिया नहीं जा पाएगी. इसकी मौसी आ रही है.’ मौसी! दुसरं कारण शोधायचेही कष्ट घेतले नाहीत त्याने. मी दुसऱ्या दिवशी मानिक चौकातल्या त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकांसमोर विचारलं, लड़का होता तो रोकते? तो म्हणाला, ‘लड़के की तो फीस भरते हैं दीदी.’ इतकं सरळ. त्यात लाज नाही, काही नाही, भाव सांगावा तसं सांगितलं. मी तिथे जे बोलले ते साऱ्या गल्लीने ऐकलं. आणि तू काय केलंस? संध्याकाळी जाऊन त्याच्याकडे चहा प्यायलास आणि माझ्या वतीने माफी मागितलीस. ‘बहन ज़रा तेज़ है, बुरा मत मानिएगा.’

त्या दिवशी स्कूटरवर मागे बसून मी तुझ्या पाठीशी भांडले. हेल्मेटमधून तुला नीट ऐकू येत नव्हतं म्हणून आणखी ओरडून. शेवटी तू बाजूला गाडी लावलीस, हेल्मेट काढलंस, आणि म्हणालास, ‘तुला कळत कसं नाही? अप्पांनी दोघांतल्या एकाचीच फी भरली. प्रत्येक घरात तेच होणार. मुलींची फी लावली तर बाप म्हणेल, एकच पाठवू, आणि तो एक म्हणजे मुलगा. त्यांचं दारच बंद होईल. मी हे तुझ्यासाठी केलंय, नीलू.’

  मी एकच म्हटलं. ‘माझ्यासाठी केलंस, मग मला विचारलं का नाहीस? मी मुफ़्तवाली होते. मला ठाऊक आहे फुकटच्या तासाचं काय होतं ते. तू फी भरलेल्या बाजूने बघत होतास.’

तू गाडी सुरू केलीस. पुढे महिनाभर आपण कामापुरतं बोललो. गाद्या झाडल्या का, चावी कुणाकडे आहे, एवढंच. भाऊबिजेला तू ओवाळून घ्यायला आलास आणि ताटात नेहमीपेक्षा जास्त घातलंस. मी म्हटलं, ही कसली लाच? तू म्हणालास, लाच नाही गं, भीती. आणि दोघंही हसलो. आपलं हे असंच. हसलो की भांडण तिथेच राहायचं, घडी घालून ठेवलेल्या स्वेटरसारखं, पुढच्या थंडीत पुन्हा काढायला.

तू खोटं बोलत नव्हतास, हे मला तेव्हाही कळत होतं. फी लावली असती तर कितीतरी मुली जिन्याच्या खालच्या पायरीवरच राहिल्या असत्या, पिशवी धरून. तुझं अर्धं बरोबर होतं. पण माझंही अर्धं बरोबर होतं ना रे! तू एकदा तरी तेवढं कबूल करायचंस.

की करणारच होतास? तो शेवटचा रविवार. आपण गच्चीवर तिरपाल धूत होतो. ऊन चढायला लागलं होतं. तू मध्येच थांबून कठड्याला टेकलास. मी म्हटलं, काय झालं? म्हणालास, काही नाही, म्हातारा झालो. (ॲसिडिटी!) मग पाण्याचा पाइप माझ्याकडे देत म्हणालास, ‘तू म्हणतेस त्यावर मी विचार करतोय. गुढीपाडव्याला बसू या. नीट ठरवू.’ मी म्हटलं, लिहून दे. तू माझ्या अंगावर पाणी उडवलंस. पाडवा यायच्या आधीच तू गेलास. काय विचार करत होतास, ते आता मी कुणाला विचारू?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात वहिनीला डबे लावायला मदत करत होते. वहिनी जळगावची, अजून मला वन्सं म्हणते, झाशीत ते ऐकून शेजारणी हसतात. ती पाठमोरीच म्हणाली, ‘वन्सं, ईराला आता क्लासला नको पाठवू या.’ तुझी ईरा, दादा. तुझ्या पोटची पोर, जी चालायच्या आधी पडायला शिकली. मी विचारलं, का? वहिनी म्हणाली, ‘आता दहावीचं वर्ष लागेल. घरात मी एकटी. आणि क्लासचं काय, घरचाच आहे. कधीही येता येईल. फी थोडीच बुडतेय.’

माझ्या हातातला डबा खाली पडला. तेच वाक्य. मानिक चौकातल्या दुकानातलं, फोनवरचं, आईचं. इतकी वर्षं तू जगभरच्या मुलींसाठी दार उघडं ठेवलंस आणि तू गेल्यावर त्या दारातून पहिली बाहेर निघाली ती तुझी लेक. मी वहिनीवर ओरडले. खूप. ती रडायला लागली. म्हणाली, ‘मला भीती वाटते हो. यांच्यासारखं हिलाही काही झालं तर?’ मग मीही रडले. पीठ सांडलं होतं, ते आम्ही दोघींनी मिळून भरलं. पण मी तिला सांगितलं नाही की बरं, नको पाठवूस. तेवढं मी नाही म्हटलं.

मग रविवारी तुझ्यासाठी शांतिसभा झाली. आपल्याच हॉलमध्ये, गाद्या गुंडाळून, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. तुझा फोटो, तोच, गुलाबी तुऱ्याचा. ज्यांना सगळे भैयाजी म्हणतात, ते पुढारी आले. फ्लेक्स त्यांनीच लावलाय, कोपऱ्यात त्यांचाही फोटो आहे हात जोडलेला, तुझ्यापेक्षा जरा मोठा. ते माईकवर म्हणाले की मास्साबांच्या स्मरणार्थ हा क्लास आता ते चालवणार. भाडं ते देणार, गाद्या नव्या आणणार, बोर्डावर त्यांचं नाव वर आणि तुझं खाली. ‘बेटियों से न पहले कभी लिया गया, न आगे कभी लिया जाएगा.’ टाळ्या, दादा. उद्घाटनाच्या दिवशीसारख्याच. वहिनी खाली मान घालून बसलेली, ईरा तिच्या शेजारी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. आणि समोर सगळ्या आया, माना डोलावत. कुठल्याही आईला विचारलं असतं की गेल्या महिन्यात तुमची मुलगी किती वेळा आली, तर तिला आठवलं नसतं.

मी उठले. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. माईक भैयाजींच्या हातात होता, तो मी मागितलाही नाही, शाळेत ओरडून ओरडून माझा आवाज मुळातच मोठा आहे.

मी म्हटलं, ‘क्लास मेरे भाई का था और मेरा था. अब मेरा है. चलाऊँगी मैं. और फीस लगेगी. लड़कियों की भी.’

  एक आजोबा म्हणाले, ‘बिटिया, भाई को गए अभी दिन ही कितने हुए हैं. उनकी आत्मा को दुख होगा.’

मी म्हटलं, ‘होने दीजिए दुख. आकर लड़ लेंगे मुझसे. मैं तो चाहती हूँ आएँ.’

 मी बसले नाही. मग मी नियम सांगितला. आधी ठरवून ठेवला होता असं नाही, दादा. त्या डब्याच्या आवाजापासून डोक्यात घोळत होता, आणि तिथे उभ्या उभ्या तोंडातून बाहेर आला. फी माणसाची नाही, घराची. घरातून एक येवो की तीन, मुलगा येवो की मुलगी, फी एकच. म्हणजे कुठल्याही बापाला दोघांतून एकाला निवडायला नको, जसं अप्पांना निवडावं लागलं. ज्याला झेपत नाही त्याने मला एकटीला, बाजूला घेऊन सांगावं, थोडी द्यावी, पण काहीतरी द्यावी. पट्ट्याला पूर्वीसारखेच पैसे नाहीत. आणि शेवटचं. ज्या घरात मुलगा आणि मुलगी दोघं शिकतात, तिथे बहीण ज्या दिवशी घरी बसली, त्या दिवशी भाऊही घरी. बहीण आजारी असेल तर गोष्ट वेगळी. पण मौसी आली म्हणून बहीण घरी, तर भावानेही मौसीजवळ बसावं.

कुणीतरी मागून हसलं. एक बाई, पाखीचीच आई. हसली आणि तोंडावर पदर धरला. भैयाजी म्हणाले, ‘दीदी अभी सदमे में हैं.’ मी म्हटलं, ‘हओ, हूँ. सदमे में भी हिसाब समझ में आता है.’ ते गेले. जाताना त्यांची माणसं खुर्च्या घेऊन गेली, म्हणून उरलेले लोक उभेच राहिले थोडा वेळ. फ्लेक्स मात्र अजून नेला नाही त्यांनी.

या नियमात दार तुझं आहे आणि फी माझी. तुझं ते स्कूटरवरचं बोलणं नसतं तर मला ‘घराची फी’ सुचलीच नसती. एवढं एक बरं बोलतेय तुझ्याबद्दल, ऐकून घे. पण साधा नियम होता रे! आपण दोघं पाडव्याला अर्धा तास बसलो असतो तर निघाला असता. त्यासाठी एकाने मरायची काय गरज होती?

यंदा आपल्याकडे गुढी नाही. तरी मी क्लास पाडव्यालाच उघडला. तू तारीख दिली होतीस ना? मग ती मी पाळली. संध्याकाळी जिन्याचं कुलूप काढलं, गाद्या पसरल्या, झाडायची पाळी कुणाची ते आठवेना म्हणून मीच झाडल्या. फार कुणी आलं नाही. काही घरं भैयाजींकडे बघत थांबलीत, काही रागावलीत. एक जण मुलाला घेऊन आला, म्हणाला, लड़के का नाम लिख लीजिए. मला त्याची मुलगी माहीत होती, मागे चार दिवस येऊन गायब झालेली. म्हटलं, बिटिया कहाँ है? म्हणाला, उसे रहने दीजिए. मी म्हटलं, फीस तो घर की है भैया, पूरी दे रहे हो, आधा माल क्यों छोड़ रहे हो? तो जिना उतरला.  मला वाटलं, गेलं एक घर. अर्ध्या तासाने मुलीला स्कूटीवर घेऊन परत आला. माल सोडायला कुणालाच आवडत नाही. तुला हे तेव्हा पटलं असतं तर शिवानी कानपूरला गेली असती. आता तिचं लग्न झालंय, आणि तिची चौकशी केली की तिचा बाप सांगतो, सुखात आहे.

मी मुलांना पडण्याचा सराव द्यायला सुरुवात केली तेव्हा जिन्यात पुन्हा पावलं वाजली. वहिनी होती. त्या सभेपासून घराबाहेर न पडलेली वहिनी, चौराह्याच्या त्या गर्दीतून, चालत. मागे ईरा, तुझ्या जुन्या ड्रेसमध्ये, बाह्या दुमडून. मला वाटलं वहिनी ईराला सोडायला आलीये. मी म्हटलं, ये गं ईरा. वहिनीने तिला हाताने अडवलं.

‘थांब. आधी हे.’ तिने पर्समधून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. ‘घराची फी. आमच्या घराची.’

‘वहिनी, अगं, काय हे...’

‘नाही वन्सं. नियम तुमचा आहे.’ तिने हात मागे घेतला नाही. ‘उद्या मलाच भीती वाटेल. मीच म्हणेन, आज राहू दे, ऊन आहे, पाहुणे आहेत. तेव्हा तुम्ही मला म्हणा, फी भरलीये. माझंसुद्धा ऐकू नका.’

सगळी पोरं पडायची थांबून आमच्याकडे बघत होती. ईरा गादीच्या कडेला उभी राहून वाकली, जसं तू शिकवलंस तसं, आणि आत आली. पहिल्याच फेकीत तिने हात असा आपटला की खालून औषधवाल्याने हाक मारली, सब ठीक है ना दीदी?

तू असतास ना, दादा, तर दोन्ही हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून ते पाकीट वहिनीला परत केलं असतंस. मला पक्कं माहितेय. मी घेतलं.